तुळशीची विटंबना नेमकी कुठे होते?

मा. संपादक,
रामकृष्ण हरी.

गेल्या रविवारच्या अंकात थायलंड फिरून आलेल्या एका वाचकाचे पत्र होते. तिकडच्या बाजारात तुळस मांसात घालून खातात, ही आपल्या श्रद्धेची विटंबना आहे, माळकऱ्याने तिकडे पाऊल टाकू नये, असे त्यांचे म्हणणे. मी १९९१ पासून माळकरी आहे. यंदा जानेवारीत मुलाकडे बँकॉकला तीन आठवडे राहून आले आणि जवळजवळ रोज बाजारात गेले. म्हणून हे लिहिते आहे.

तुळस खातात, हे खरे आहे. तिला ते कप्राव म्हणतात. आपल्या वृंदावनातल्या तुळशीचीच ती जात. मिरची-लसणाच्या फोडणीवर मांस परततात आणि शेवटी मूठभर पाने टाकतात. ख्लोंग तोईच्या बाजारात पहिल्या दिवशी कोथिंबिरीसारख्या तुळशीच्या जुड्या बांधलेल्या पाहिल्या, पलीकडच्याच गाळ्यावर मांस टांगलेले. माझ्याही पोटात कालवले. पण भाजीवालीने एक जुडी उचलून माझ्या नाकाशी धरली. वासाने मी थेट आमच्या अंगणात आले. तिच्या लेखी ती भाजी आहे. आमच्या तुळशीला मी रोज पाणी घालते हे तिला ठाऊक असायचे कारणच नाही, मग तिने विटंबना कशी केली?

मला तो बाजार फार आवडला, हेही सांगते. गवती चहाच्या मोळ्या, केळफुले, चिंच. मसाल्याच्या ओल्या वाटणाचे ढीग परातीत रचून ठेवलेले, त्यातले हवे तेवढे तोलून देतात. नारळ डोळ्यांदेखत किसून, पिळून दूध पिशवीत भरून देतात. खनोम क्रोक म्हणून एक पदार्थ मिळतो, तांदळाचे पीठ आणि नारळाच्या दुधाचा, अगदी आपल्या आप्पेपात्रासारख्या बिडाच्या तव्यावर केलेला. मुलाने मला एक शब्द शिकवून ठेवला होता, ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात तो लिहिलेला असला की तिथे मांस, मासे, अंडे नाही; कांदा-लसूणसुद्धा नाही. मला एक दिवसही उपाशी राहावे लागले नाही. एक प्रसंग सोडून, आणि त्याचे कारण वेगळे होते.

दुसऱ्या आठवड्यात त्याच बाजारात गर्दीत पिशवीचा बंद माळेत अडकला आणि माळ तुटली. मणी ओल्या फरशीवर, टोपल्यांखाली पसरले. माळ तुटली की ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत तोंडात काही घ्यायचे नाही, ही आमच्या सासूबाईंची शिस्त, ती मी पाळते. मी खाली बसले. मुलाने भाजीवालीला सांगितले की हे देवाचे मणी आहेत. ती बाई काही न बोलता गुडघ्यावर आली. मोबाइलचा उजेड पाडून तिने टोपल्या सरकवल्या, एकेक मणी वेचला, स्वच्छ पाण्याने धुतला. मग केळीच्या पानाच्या तुकड्यावर ते सगळे घेऊन आधी दोन्ही हातांनी कपाळाला लावले आणि नंतर माझ्या ओंजळीत दिले. १०८ पैकी १०६ सापडले.

शेजारी देवाला वाहायचे हार करणारी एक म्हातारी होती. तिची सुई हातभर लांब आणि जाड, माझ्या मण्यांच्या भोकात जाईना. तेव्हा तिने पांढरा दोरा घेतला, विकायला ठेवलेल्या मेणबत्तीवर त्याचे टोक चारदा घासले आणि दोन बोटांत पिळून ताठ केले. त्याच टोकाने मी उपड्या क्रेटवर बसून माळ ओवली. गाठ तिने मारली. पैसे घेतले नाहीत. नंतर तिच्याकडून हार घेतला तेव्हा त्याचे मात्र घेतले.

त्या रविवारी मुलाने नदीकाठी था फ्रा चानला नेले. तिथे गळ्यात घालायच्या बुद्धमूर्तींचा बाजार भरतो. बोटाच्या पेराएवढ्या मूर्ती, काही धातूच्या, काही मातीच्या. काहींत शंखशिंपल्यांचा चुना, वाळलेली फुले, भात कालवलेला असतो. माणसे डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास पारखतात. मुलाने सांगितले, इथे ‘विकत घेतली’ म्हणत नाहीत, ‘भाड्याने घेतली’ म्हणतात, कारण देव कोणाच्या मालकीचा होत नाही. मला आपली बांगडी ‘वाढवणे’ आठवले. आपणही तिला फुटली म्हणत नाही.

आता घरचे सांगते. गेल्या आषाढीला नातीसाठी मी वारीच्या गर्दीत एका पालातून माळ घेतली. तुळशीची म्हणूनच दिली. घरी वाटीत भिजवली तर पाणी तपकिरी झाले. सगळे मणी साच्यातून काढल्यासारखे एकसारखे, लाकूड कसले कोण जाणे. ती माळ मी विठ्ठलाच्या पायाशी टेकवून आणली होती. नातीच्या गळ्यात घालायचे मला धाडस झाले नाही. पत्रलेखकांना विटंबना दाखवायची तर ही दाखवते.

पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करणारी. वाळलेल्या खोडाचे बारीक तुकडे करायचे, कातायचे, भोक पाडायचे, ओवायचे. घरातल्या बायका-मुलांचे हात त्यात असतात. त्या मण्यांत दोन सारखे सापडणार नाहीत. आणि आपण त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, कारण शेजारच्या पालात रंगवलेली माळ स्वस्त मिळते. वारीच्या काळात हाताने मणी कातणाऱ्यांना बाजारात स्वतंत्र ओळ द्यावी आणि तिथे त्यांनी समोर बसून काम करावे, म्हणजे घेणाऱ्याला लाकूड डोळ्यांनी दिसेल, अशी माझी मागणी आहे. आपण आषाढीपूर्वी एखादा वार्ताहर या घरांकडे पाठवून त्यांचे काम छापावे, ही विनंती.

माझ्या माळेत अजून १०६ मणीच आहेत. राहिलेले दोन मी या वारीत तिथल्याच एखाद्या कातणारीकडून भरून घेणार आहे. दोरा मात्र बदलू नका, तोच ठेवा, असे तिला सांगणार आहे.

– एक माळकरी, निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. सोलापूर