टाके बघायला येऊ नका

आईच्या गुडघ्याचा सांधा बदलण्याचे ऑपरेशन झाले आणि घरी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. एक मावशी बाहेरून आल्या तशाच पलंगावर टेकल्या आणि ‘बघू गं टाके’ म्हणत पट्टीला हात लावला. माया कळते हो! पण कृत्रिम सांध्यावर जंतूंचा थर बसला की औषधे तिथवर नीट पोहोचत नाहीत. कधी कधी अख्खा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. मधुमेह्यांनी ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणावी, किडलेले दात दाखवून घ्यावेत. पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक कापलेल्या जागीही जंतू शिरतात. जखमेला हळद-तेल तर नकोच. पट्टी ओली दिसली, ताप आला, तर दुकानातून गोळी आणण्याऐवजी त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

– एक वाचक, सातारा