पहिला तास तुझा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

मालिकेचे संवाद लिहायचं काम मिळालं हे सांगताना तुझा आवाज फुलला होता आणि पुढच्याच वाक्याला पडला. "पण आई, मग माझ्या कथांचं काय?" फोनवर घाईत काहीतरी बोलण्यापेक्षा लिहावं म्हटलं.

काम घे. पैशासाठी लिहिलं की हात बिघडतो, असं तुला बरेच जण सांगतील. मला ते अजिबात पटत नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि दर आठवड्याला मजकूर द्यायचा असतानाच त्यातून कादंबऱ्या लिहिल्या. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर नोकरी करत होते. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. पोटाचा उद्योग सांभाळूनच यांनी लिहिलं.

अडचण वेगळीच आहे. दिवसभर दुसऱ्याच्या पात्रांच्या तोंडी वाक्यं घातली की रात्री स्वतःच्या कथेतली माणसंही तशीच बोलायला लागतात. अनुवादाचं काम जोरात असलं की माझं हेच होतं, वाक्यांना मूळ लेखकाची चाल लागते. तुझ्याकडे तर वन लाइन, म्हणजे एपिसोडमधल्या प्रसंगांचा थोडक्यात आराखडा, येणार, पटकथा येणार, आणि आधी तयार करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की रात्री मागितलेले संवाद सकाळी सेटवर हवे असणार. म्हणून दिवसातला पहिला तास कथेला दे. जागरण झालं असेल तर उठशील तेव्हा, पण पहिला. फोन दुसऱ्या खोलीत, व्हॉट्सअ‍ॅप नंतर. त्या तासात माहिती गोळा करायची म्हणून वाचत बसू नकोस, मी म्हणते ते लिहिण्याबद्दल. आदल्या दिवशीचं शेवटचं पान मोठ्यानं वाच आणि तिथून पुढे सरक. पुढचं वाक्य सुचलेलं असतानाच थांब आणि ते समासात टिपून ठेव, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसायची वेळ येत नाही. काहीच सुचेना तर जुना खर्डा हातानं उतरवून काढ. उतरवताना कुठे पाल्हाळ आहे ते लगेच कळतं.

तू पाठवलेली कथा वाचली. ती सुरू होते ते आजोबा बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी उभे असतात तिथे. अंगठा मशीनवर उमटत नाही, बाई म्हणतात "परत ठेवा", आणि ते अंगठा सदऱ्याला पुसतात. किती छान पाहिलं आहेस ते! त्याआधीचं दीड पान, घराण्याचं आणि वाड्याचं, तुला त्यांच्यापर्यंत पोचायला लागलं असेल, वाचकाला नको आहे. काढून टाक. शेवटी आजोबा म्हातारपणाबद्दल जे बोलतात तेही काढ. अंगठा पुसला त्यातच सगळं आलं आहे.

ही कथा दिवाळी अंकाला पाठव. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीशी बांधलेलं आहे. बहुतेक संपादकांना मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो. गणपतीत पाठवलेली चांगली कथाही राहून जाते. एका वेळी एकाच अंकाकडे दे. पूर्वी निदान 'साभार परत'चं पत्र यायचं, आता पुष्कळदा काहीच येत नाही, आणि त्याचा त्रास होतो. मला अजून होतो. त्यासाठी एक वही घाल: कथा कुठे पाठवली, कधी, पोच आली का, मानधन ठरलं किती, मिळालं का. मानधन मागताना संकोच करू नकोस, एका ओळीचं सभ्य पत्र पुरतं.

मालिकेच्या कराराचं मात्र नीट बघ. पैसे एपिसोड मंजूर झाल्यावर मिळणार की प्रक्षेपित झाल्यावर, हे लिहून घे, कारण लिहिलेले एपिसोड पडून राहतात. सुधारून मागितले तर किती वेळा, तेही ठरव. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द घातलेले असतात. ते दिसले की थांब आणि मला विचार. आणि तुझ्या स्वतःच्या कथांना त्या करारात कुठेही जागा नको, हे स्पष्ट लिहून घे. टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागून घे.

पाठ दुखते म्हणालीस. पलंगावर बसून लिहिणं बंद कर, टेबल-खुर्ची घे, पैसे मी पाठवते.

कराराच्या सगळ्या पानांचे फोटो काढून पाठव. मी वाचून फोन करीपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
आई