मित्रास पत्र: सोमवारी इंजिन बघायला जायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

काल तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच चाललंय. ट्रकचे साडेआठ लाख किलोमीटर झाले, इंजिन ऑइल खायला लागलंय, सकाळी लवकर पकडत नाही, चढाला दम टाकतंय, म्हणून दुसरं इंजिन बसवतो आणि मोकळा होतो, असं तू म्हणालास. तू घाईत होतास म्हणून मी नुसता हो हो करत राहिलो, पण खरं सांगू का, मला ते पटलेलं नाही. फोनवर सगळं नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाच.

साडेआठ लाख हा आकडा बघून तू घाबरलायस. ट्रकच्या मोठ्या डिझेल इंजिनला एवढं रनिंग म्हणजे शेवट नव्हे रे. ज्या इंजिनला लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती सिलिंडरची आतली नळी) बदलता येतात ती बनवतानाच असं धरलेलं असतं की कधीतरी उघडून आतलं सामान बदलायचं, म्हणजे इंजिन बांधायचं, आणि परत पळवायचं. आणि किलोमीटर तरी पूर्ण कुठे सांगतात, गाडी उभी राहून किती तास चालू होती ते मीटरला दिसत नाही. त्यामुळे आकडा बाजूला ठेव. इंजिन कशामुळे खराब झालं, हे आधी शोध. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी हे केलं नाही आणि त्याचं दुःख मला अजून आहे.

तुला अर्धंच माहितीय ते. ती गाडी पण अशीच ऑइल खायला लागली होती, मिस्त्री म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, मी म्हटलं उघडत बसण्यापेक्षा चांगलं चालू इंजिन बसवू. बसवलं. पहिले काही महिने एकदम मस्त, पिकअप काय, आवाज काय. आणि मग सहा महिन्यांत परत तेच, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, ऑइल कमी. दुसरं इंजिन उघडलं तेव्हा लायनर घासून गुळगुळीत झालेले, रिंगांच्या कडा धारदार झालेल्या. कारण काय निघालं माहितीय? एअर फिल्टर आणि टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) मधली रबरी नळी. क्लॅम्पच्या खाली बारीक चीर होती, वरून दिसत नव्हती, आणि तिथून फिल्टर न झालेली हवा धुळीसकट थेट इंजिनात जात होती. इंजिन बदललं पण नळी तीच राहिली. फिल्टर मी नेहमी वेळेवर बदलायचो तरी ही गत. पहिलं इंजिन ज्यानं मारलं त्यानंच दुसरं मारलं, आणि त्या दोन इंजिनांच्या पैशात मी एक इंजिन उत्तम बांधून घेतलं असतं.

म्हणून आजच ती नळी काढ, आतून बोट फिरव. धूळ लागली किंवा कडेला धुळीची रेघ दिसली तर समज. मग टर्बोचा पुढचा पंखा बघ, पात्यांच्या कडा झिजून पातळ झाल्यात का, कारण धूळ आधी तिथूनच जाते. शाफ्ट हाताने वर-खाली, पुढे-मागे हलवून बघ, वर-खाली अगदी किंचित हलतो ते चालतं, पण पातं बॉडीला घासत असेल तर टर्बो गेला. आणि ऑइलचा नमुना लॅबला पाठव. गरम इंजिनातून, ऑइल काढताना मधल्या धारेतून घे. रिपोर्टमध्ये सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही वाढलेलं असेल तर बहुतेक धूळ, शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग, सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये येतंय, आणि डिझेल मिसळलेलं निघालं तर एखादा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) गळतोय. इंजिन न उघडता एवढं दुसरं काहीच सांगत नाही.

आता बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा रिंगांवरून खाली निसटणं. मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढलं, धूर बघितला आणि रिंगा गेल्या म्हणाला, असंच ना? तो धूर रिंगांचाच असेल असं नाही. टर्बोचं ऑइल चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) परत येतं, एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरचंही येतं, आणि त्यांचं सील किंवा रिंग गेली की ती हवासुद्धा चेंबरमध्येच भरते आणि वरून बघणाऱ्याला वाटतं इंजिन बसलं. तुझ्या गाडीच्या हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडून बघ. पाण्याबरोबर भरपूर ऑइल आलं तर तुझं हरवलेलं ऑइल तिथे जातंय, आणि मग तुला कदाचित इंजिन नाही, कॉम्प्रेसर हवाय. इंटरकूलरची (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीची) नळी पण काढ, आत ऑइल साचलेलं असेल तर टर्बोकडे बघावं लागेल, आणि हे टाळू नकोस, कारण टर्बोतून जास्त ऑइल आत जायला लागलं की डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, चावी बंद करून थांबत नाही. फार वाईट प्रकार आहे तो.

यानंतर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला हवेचा दाब, मोजायला लाव. इंजिन गरम, बॅटरी फुल, आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघ. सगळे सिलिंडर सारखेच थोडे उतरलेत तर ती नेहमीची झीज, पण एखादाच बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर दुखणं त्या एकात आहे. मग त्या सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ऐकायचं. ब्रीदरमधून सू सू आलं तर रिंग-लायनर, सायलेन्सरकडून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग) किंवा हेडला क्रॅक. व्हॉल्व्ह निघाला तर नुसतं हेड उतरवून काम होतं, आणि त्यासाठी तू अख्खं इंजिन फेकायला निघाला होतास! इंजेक्टरचं लीक-ऑफ, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, पण मोज, सकाळी लवकर न पकडण्यामागे कितीदा तेवढंच असतं.

हे सगळं करूनही रिंगा-लायनरच निघाले तर? मग चेंबर खोल. दोन-तीन बिग एंडचे (रॉड क्रँकला जोडतो तिथले) आणि एक-दोन मेनचे (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथले) बेअरिंग काढून बघ. बेअरिंगचा वरचा राखाडी थर सारखा झिजलेला असेल तर ठीक, आतलं तांबं दिसायला लागलं असेल तर वेळ झाली. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) नख फिरव, अडकलं तर क्रँक ग्राइंडिंगला जाणार म्हणजे इंजिन उतरवावंच लागणार. नख नाही अडकलं, माप पण बसलं, तर तुझ्या इंजिनला वेट लायनर (ज्यांना बाहेरून थेट कूलंट लागतं ते) असल्यामुळे ते चेसिसवरच बांधता येतं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, ऑइल पंप, सगळं गाडीतच. फक्त मिस्त्रीला सांग की लायनर बसवल्यावर तो ब्लॉकच्या वर किती राहतो ते डायल गेजने मोजून लिहून दे. तिथे कमी-जास्त झालं की नवं हेड गॅसकेट टिकत नाही. जुने लायनर काढलेस की बाहेरच्या बाजूला बारीक खड्डे पडलेत का तेही बघ. ते कूलंटमुळे पडतात, म्हणजे नुसतं पाणी किंवा संपलेलं कूलंट घालून चालवलेली गाडी, आणि तसं असेल तर पुढे कूलंट बदलायची सवय आपणच लावायची.

माझं मत विचारशील तर क्रँक आणि ब्लॉक चांगले असतील तर हेच इंजिन बांध. याची प्रत्येक सर्व्हिस तू स्वतः केलीयस. याने कधी पाणी सोडलं, कधी गरम झालं, सगळं तुला माहितीय. बाहेरून आणलेल्या इंजिनाबद्दल तुला फक्त विकणारा सांगेल तेवढंच कळणार.

पण उगाच हट्टही करू नकोस. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल, ब्लॉकला मेन बेअरिंगच्या जागी क्रॅक असेल, क्रँक शेवटच्या साइजलाही ग्राइंड होऊन गेलेला असेल, तर बांधण्यात अर्थ नाही, बदल. कॉमन रेल पंप (इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारा) आतून फुटून लोखंडाचा चुरा टाकीपासून इंजेक्टरपर्यंत गेला असेल तर रेल, पाइप, इंजेक्टर सगळं धरून हिशोब कर, तिथे कधीकधी बदलणंच स्वस्त पडतं. आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चेसिसचे क्रॉसमेंबर यांचंही आयुष्य संपत आलं असेल तर दोन्हीतलं काहीच करू नकोस, आधी गाडी किती वर्षं ठेवायची ते वहिनींबरोबर बसून ठरव.

बदलायचंच ठरलं तर ते इंजिन थंड असताना चालू करून दाखवायला सांग. तू पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लाव, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, कारण अशक्त इंजिन गरम असताना चांगलंच पकडतं. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगड, धातूची चमक दिसली तर तिथूनच माघारी फिर. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, फ्लायव्हील हाउसिंग, चेंबरचा आकार, माउंटिंग, सगळं जुळतंय का बघ आणि इंजिन नंबरची कागदावर नोंद होणार का तेही आधी विचार. आणि खर्च धरताना नुसती इंजिनची किंमत धरू नकोस, क्लच, होज, माउंट, सील, ऑइल, कूलंट हे सगळं त्यात येतं आणि गाडी उभी राहते ते दिवसही. दोन्ही बाजूंचा एकूण खर्च काढ आणि पुढे किती किलोमीटर खात्रीने मिळतील त्याने भाग, मग जे निघेल त्यावर बोलू.

बांधलंस तर सुरुवातीला तासन्‌तास आयडलवर ठेवू नकोस, रिंगा बसत नाहीत आणि लायनर चकचकीत होतात. मध्यम लोड घेऊन चालव, पहिलं ऑइल लवकर बदल. क्रँकची मापं घेताना मला यायचंय, मायक्रोमीटर माझा घेऊन येतो.

पण आज नळी काढ. आतून फोटो काढून पाठव, रात्री कितीही वाजले तरी बघतो. आणि ज्याला सोमवारी येतो म्हणालायस त्याला कळव की आठवडाभर थांब, ऑइलचा रिपोर्ट यायचाय.

तुझाच,
मित्र