बाबा, मी ऑफिसात सांगितलं

प्रिय आई-बाबा,

"ऑफिसात बोलू नकोस, उगाच शिक्का बसेल," असं बाबा फोनवर म्हणाले होते. मी दोन महिने गप्प राहिले, मग सांगून टाकलं. मला ऑटिझम आहे, हे आता माझ्या वरिष्ठांना माहीत आहे.

बाबा, तुमची भीती खोटी नव्हती. मागे एका मुलाखतीत "नजरेला नजर देत नाही, आत्मविश्वास कमी दिसतो" म्हणून मला नाकारलंच होतं. काम येतं का, हे कुणी विचारलंच नाही. डेन्मार्कच्या थॉर्किल सॉने यांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळलं, त्यानंतर त्यांनी नोकरी सोडून २००४ मध्ये अशा माणसांना काम देणारी कंपनी काढली. तिथे उमेदवारांना लेगोचे रोबो जुळवायला देत. बोलता आलं नाही तरी डोकं कसं चालतं ते हातांतून दिसायचं. हे सुचलं एका बापाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझं मागणं ते केवढं! डोक्यावरची ट्यूब सतत गुणगुणायची. इतरांना ऐकूही येत नसे, माझं डोकं मात्र दुपारपर्यंत भणभणायचं. आता मी खिडकीजवळ बसते. दुसरं, "जरा लवकर बघून घे." लवकर म्हणजे आज की या आठवड्यात? त्या एका शब्दापायी मी रात्री जागून काढल्यात. आता मीटिंग संपली की काय, कुणी, कधीपर्यंत, हे लिहून येतं. बाकीच्यांनीही मागितलं, म्हणून आता सगळ्यांनाच येतं.

हे लाड नव्हेत, बाबा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात अशा वाजवी सोयी नाकारणं हाच भेदभाव मानला आहे.

आई, मिक्सर लागला की मी कान झाकून पळायचे आणि तू हट्टी म्हणायचीस, ते मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे तूच आधी "लावते गं!" अशी हाक द्यायला लागलीस. मला तेवढं पुरायचं.

बढतीचं मात्र अजून अडलंय. फॉर्मवर "सर्वांत मिसळते का" असा रकाना आहे. मधल्या सुट्टीत मी एकटी बसते, त्यावरून माझं काम कसं मोजणार? तो रकाना काढा, असं मी लेखी दिलंय. बुधवारी बोलावलंय. घरी पोचले की फोन करते.

तुमची,
ताई