मुख्यमंत्री साहेब, फेलोशिपच्या जाहिरातीत एक ओळ वाढवा

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम जय महाराष्ट्र.

हे दोन शब्द तुम्ही सभेच्या शेवटी सहज म्हणता. 2017 साली कर्नाटकातल्या एका मंत्र्यांनी, जो लोकप्रतिनिधी हे शब्द उच्चारेल त्याचं पद घालवणारा कायदा आणू, असं जाहीर केलं होतं. तेव्हापासून पत्राच्या डोक्यावर ते लिहिताना आमचं पेन जरा जास्तच दाबून चालतं. असो.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. सीमाप्रश्न कधी सुटणार हे विचारायला हे पत्र लिहीत नाही. ते विचारून आमच्या वडिलांची पिढी गेली. माझी तक्रार एका अर्जाची आहे.

माझी एक विद्यार्थिनी आहे. बी.कॉम.ला 71 टक्के मिळाले. गावातल्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च माहितीच्या अधिकारात मागवून, तो वहीत उतरवून, पाण्याच्या टाकीवर दोनदा खर्च दाखवलाय हे तिनं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. कन्नडमधला हिशेब, तिनं मराठीत मांडला, आणि पीडीओ साहेबांना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, कन्नडमध्येच प्रश्न विचारले. अशा मुलीनं प्रशासनात जायचं नाही तर कुणी जायचं? पण दिल्ली-पुण्यात राहून तयारी करायला पैसे नाहीत. म्हणून आम्ही दोघांनी मिळून स्पर्धापरीक्षेच्या विद्यावेतनाचा एक अर्ज भरायला घेतला. संस्था तुमच्या राज्यातली, नाव घेत नाही.

अर्जात अधिवासाचा दाखला हवा होता. महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा. आम्ही सीमाभागातल्या 865 गावांपैकी एका गावचे. ही गावं आमची आहेत असं महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात 2004 पासून सांगतंय, आणि 27 डिसेंबर 2022 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठरावही एकमतानं केलाय. राज्यसेवेच्या जाहिरातीत या गावांतल्या मराठी भाषकांना अर्ज करता येतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आमच्यासाठी वेगळा प्रकार आहे. 2023 साली महाराष्ट्र सरकारनं जनआरोग्य योजनाही या गावांना लागू केली. म्हणजे आजारी पडलो तर आम्ही महाराष्ट्राचे आणि अधिकारी व्हायचं ठरवलं तरी महाराष्ट्राचे, फक्त मधल्या दोन वर्षांच्या अभ्यासात आम्ही परराज्यातले.

तरी म्हटलं, सीमाभागाचा दाखला जोडून पाहू. नमुना मराठीत होता, सही तहसीलदारांची हवी होती. कचेरीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट केला, "महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या" या शब्दांवर बोट ठेवलं आणि कागद हळूच परत सरकवला. "आगंगिल्ल री, सर." जमायचं नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही सही केली नसती. कर्नाटकाच्या नोकरानं महाराष्ट्राच्या दाव्यावर शिक्का मारावा असा नमुना मंत्रालयात ज्यानं कुणी तयार केला, त्यानं बेळगावची कचेरी कधी बघितलेली नसावी. त्याऐवजी नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, कन्नडमधला वास्तव्याचा दाखला मिळाला, त्याचं भाषांतर करून नोटरीचा शिक्का मारून घेतला, पीडीएफ चढवली. तीन आठवड्यांनी अर्ज बाद. कारण: अधिवास प्रमाणपत्र नाही.

जातीचंही तेच. आमच्याकडचा मराठा कर्नाटकात मागासवर्गीयांच्या 3-ब प्रवर्गात, सीमेवरची चौकी ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडात पाऊल टाकलं की खुल्यात. कायद्यानं ते तसंच आहे, त्यावर मी भांडत नाही. पण दोन्हीकडच्या शिष्यवृत्तीच्या खिडक्या एकाच मुलावर कशा बंद होतात ते तुमच्या लक्षात यावं.

आता तुमच्या नावाची जी योजना आहे तिच्याकडे येतो. मुख्यमंत्री फेलोशिप 2015 ला सुरू झाली. साठ फेलो, वय 21 ते 26, पदवीला किमान 60 टक्के. 2025-26 ला मानधन 56,100 आणि प्रवासखर्च 5,400, म्हणजे महिना 61,500 रुपये; शिवाय आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. अटी मी दोनदा वाचल्या. अर्जदार भारताचा नागरिक असावा आणि त्याला मराठी लिहिता-वाचता-बोलता यावी. अधिवासाचा शब्द नाही! सीमाभागाला हे दार उघडं आहे, आणि आमच्यातल्या कुणालाच ते ठाऊक नाही. मी चौकशी केली तेवढ्या कॉलेजांच्या फळ्यावर ही जाहिरात कधी लागलेली नव्हती. कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आम्ही हजारोंनी दंडाला काळी पट्टी बांधून फिरतो, पण त्या गर्दीतल्या पोरांना फेलोशिपच्या अर्जाची शेवटची तारीख सांगत नाही. ही चूक तुमची नाही, आमची आहे. मीही त्यात आलो.

मात्र एक अट आम्हाला नडते: एक वर्षाच्या पूर्णवेळ कामाचा अनुभव, प्रमाणपत्रासह. माझी ही विद्यार्थिनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत दीड वर्ष हिशेब लिहीत होती. पगार पाकिटातून रोख, नेमणुकीचं पत्र नाही. मालकाकडे अनुभवाचा दाखला मागितला तर तो हसला. "पीएफवाले येतील की माझ्या दारात," म्हणाला. शहरातल्या मोठ्या कंपनीत इंटर्नशिप केलेल्या मुलाला जे सहज मिळतं, ते इथं दीड वर्ष राबूनही मिळत नाही. ग्रामसभेत केलेलं काम, वाचनालयातलं काम, शाळा व्यवस्थापन समितीतलं काम, याला अनुभव धरता येणार नाही का? धोरण शिकायला त्याहून चांगली जागा कुठली?

मला यात एक जुनी गोष्ट आठवत राहते. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. जन्म महूचा, मूळ गाव कोकणातलं, शिक्षण मुंबईचं. बडोद्याचे रहिवासी आहात का, असं महाराजांनी विचारलं नाही. अट घातली ती पुढची: शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. कोलंबियात बाबासाहेबांनी अर्थशास्त्र शिकलं आणि प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. आजच्या भाषेत ही सार्वजनिक धोरणाची फेलोशिपच. परत आल्यावर बडोद्यात त्यांना राहायला घर मिळालं नाही आणि ती नोकरी टिकली नाही, तो भाग वेगळा आणि लाजिरवाणा. पण 1925 साली आमच्या निपाणीत बहिष्कृत परिषदेला ते आले, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कुणी बडोद्याचं नव्हतं. राजाच्या साडेअकरा पौंडांचं व्याज असं दुसऱ्याच मुलखात वाटलं गेलं.

तुम्हीही आम्हाला मागची अट न घालता पुढची घाला. फेलोशिप झाल्यावर दोन वर्षं सामान्य प्रशासन विभागात सीमाप्रश्नाच्या कागदांवर काम करायचं, असं लिहून घ्या. आमची पोरं आनंदानं सही करतील. कारण काम प्रचंड पडलंय. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं विभागीय कार्यालय बेळगावातच आहे. जिथं एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेतही द्यायच्या, हे संरक्षण कित्येक वर्षांपासून कागदावर आहे. पण कुठल्या गावात किती टक्के, कुठली नोटीस कुठल्या भाषेत निघाली, कधी मागणी केली, काय उत्तर आलं, हे तक्त्यात मांडून तिथं नेणारं कुणी नाही. आम्ही नेतो ती निवेदनं. "आमच्या तीव्र भावना" असं त्यात लिहिलेलं असतं. ती मीही लिहिली आहेत, सुंदर अक्षरात. दिल्लीत पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, 2010 पासून. त्यात तरुण मुलं एकेका खासदाराबरोबर राहून प्रश्न, आकडे, भाषणाची टिपणं तयार करतात. घटनेचं भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या अधिकाऱ्याचं 350-ब कलम खासदाराच्या हातात आकड्यांसह देणारा एक मुलगा खानापूर-निपाणीचा असता, तर माझ्या सुंदर अक्षराची गरज पडली नसती.

मागणी मोठी नाही, खर्चही फारसा नाही. स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी तुमचं सरकार ज्या विद्यावेतनाच्या योजना चालवतं, त्यांत राज्यसेवेच्या जाहिरातीतली 865 गावांची ओळ जशीच्या तशी उतरवा. दाखल्याचा नमुना बदला. कर्नाटकाच्या नाडकचेरीतून मिळणारा वास्तव्याचा कन्नड दाखला आणि मुख्याध्यापकांचं मातृभाषेचं पत्र पुरे धरा, आणि भाषांतर तुमच्या कार्यालयात करून घ्या. गावांची यादी तुमच्याकडे आहे, ती लावून पाहायला कारकुनाला दोन मिनिटं लागतात. आणि फेलोशिपच्या पुढच्या जाहिरातीत "सीमाभागातील उमेदवारही अर्ज करू शकतात" एवढं छापा. ती जाहिरात इथल्या कॉलेजांच्या फळ्यांवर लावायचं काम माझ्याकडे. मोटारसायकल अजून चालते.

एवढंच, की जरा लवकर करा. तुमचा खटला दाखल झाला तेव्हा ती मुलगी बालवाडीत होती. आता पंचवीस पूर्ण झाली आहेत, आणि फेलोशिपची वयोमर्यादा सव्वीस आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव