प्राजू, ती तपासणी तेवढी करून घे

चि. सौ. प्राजूस,
अनेक आशीर्वाद.

काल मी साखरेच्या तपासणीचं काढलं तर तू "आई, आता पुन्हा नको" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मागे ओवी रडत होती, म्हणून मीही परत लावला नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बोलायला गेलं की तुझा आवाज चढतो, मग माझाही चढतो, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. सवडीनं वाच. ओवीला पाजताना वाचलंस तरी चालेल.

तुम्ही गेल्यावर मधली खोली आवरायला काढली. दुपट्यांच्या चळतीखाली डॉक्टरबाईंची चिठ्ठी सापडली. ७५ ग्रॅम ग्लुकोज, उपाशीपोटी एकदा रक्त आणि दोन तासांनी एकदा. वर तारीख ओवीच्या दीड महिन्याच्या लसीचीच. त्या दिवशी तिच्या मांड्यांना इंजेक्शनं झाली, थेंब पाजले, रात्री ताप आला आणि सगळ्या घराचा जीव तिच्यात अडकला. तिची लस झाली, तुझी तपासणी राहिली. आता ती तीन महिन्यांची होईल. बाळंतपणानंतर १२ आठवड्यांच्या आत हे व्हायला हवं असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

तू म्हणतेस, गरोदरपणात चढलेली साखर उतरली, विषय संपला. उतरली हे खरं. गरोदरपणी वारेतून येणारे हार्मोन इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, आणि वार पडली की तो अडथळा जातो. पण त्या महिन्यांत ज्या बाईचं इन्सुलिन अपुरं पडलं, तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सात ते दहापट असतो. हे काही मी घाबरवायला काढलेलं नाही, तुझ्याच आहारतज्ज्ञ मॅडमनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. तेव्हा तू मान डोलावलीस. मी बघत होते.

आणि "ऑफिसच्या चेकअपला एचबीएवनसी होईलच" असं म्हणालीस, त्याचं ऐक. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते. बाळंतपणात रक्त जातं, नव्या तांबड्या पेशी तयार होतात, त्यामुळे या दिवसांत तो आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून तर ग्लुकोज पिऊन दोन तास बसायचं असतं. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत आला तर उत्तम. १४० ते १९९ मध्ये आला तर सावध व्हायची वेळ. त्याच्या वर जायला नको, देवा.

हा विषय शेवटी काढायचा असं ठरवून बसले होते. पहिल्याच पानावर काढला.

बरं, दुसरं लिहिते. तू गेल्यापासून बाबा संध्याकाळी गच्चीवर जातात आणि लगेच खाली येतात. आठव्या महिन्यात तू कराडला आलीस तेव्हा जेवण झालं की तुम्ही दोघं गच्चीवर फेऱ्या मारायचात. तुझा एक हात कमरेवर, बाबांच्या हातात बॅटरी, आणि मी खाली भांडी घासत तुमच्या चपलांचा आवाज ऐकायची. पंधरा मिनिटं झाली की बाबा वरून ओरडायचे, "झालं गं!" मग तू खाली येऊन बोटाला सुई टोचायचीस आणि आकडा कालनिर्णयवर लिहायचीस, दुधाच्या खुणेच्या शेजारी. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. एखाद्या दिवशी १३१ आला की तुझा चेहरा उतरायचा, आणि तू स्वतःच म्हणायचीस, "आज भात जास्त झाला." कुणी रागवायला लागायचं नाही. ते कॅलेंडरचं पान मी फाडलेलं नाही.

ओवी जन्मली तेव्हा तिची साखर बघायला टाचेतून थेंबभर रक्त काढलं. तुला आत टाके घालत होते, तुला ते माहीत नाही. मी आणि विहीणबाई त्या काचेच्या दाराशी उभ्या होतो. सिस्टर बाहेर येऊन "बाळाची साखर चांगली आहे" म्हणाली तेव्हा विहीणबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तुझ्या त्या सगळ्या फेऱ्या, मापून घेतलेला भात, पर्समधले फुटाणे, सगळं त्या एका वाक्यात आलं. मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, पण मला तुझा फार अभिमान वाटला. एवढी चिकाटी तुझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. दहावीच्या सुट्टीत पोहण्याच्या क्लासला चार दिवस जाऊन घरी बसलेली मुलगी तू!

पण प्राजू, ते तुला जमलं कसं, हे जरा आठव. चाचणीत साखर निघाली तेव्हा पहिला आठवडा तू काय केलंस? मोबाईलवर वाचून भात बंद केलास, पोळी बंद केलीस, केळं बंद, दूध बंद. काकडी आणि ताकावर राहिलीस, वजन उतरलं, चक्कर आली आणि अमोलराव घाबरून मला फोन करायला लागले. मग मॅडमकडे गेलात. त्यांनी आधी काहीच बंद केलं नाही. तीन दिवसांचं खाणं वेळेसकट लिहून आणायला सांगितलं. त्या कागदावरून त्यांना दिसलं, ते आपल्या कुणाला दिसलं नव्हतं. सकाळी सातला चहा-खारी, मग एकदम दीडला डबा, आणि संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेर उतरल्यावर भुकेनं जीव चाललेला असताना वडापाव. त्यांनी चहाच्या आधी मुगाचं धिरडं किंवा अंडं घातलं, पाच वाजता फुटाणे-शेंगदाणे घातले, भाताला वाटी ठरवून दिली, भाकरी राहू दिली. आणि दर पंधरा दिवसांनी त्या विचारायच्या. मला वाटतं सगळं त्या विचारण्यात होतं.

हे मी अंगणवाडीत बघितलंय म्हणून सांगते. एवढी वर्षं पोरांची वजनं केली. काट्याच्या झोळीत पोर बसवलं की ते रडायचं, आई हसायची, मी तक्त्यावर ठिपका द्यायची. पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात गेलेलं पोर हिरव्यात यायचं ते कशानं? टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची पाकिटं सगळ्यांनाच मिळायची. मी सांगायची ते शब्दही सगळ्यांना तेच. पण ज्या घरी मी दर महिन्याला गृहभेटीला न चुकता जायची, "डाळीत तेल घातलंस का? दुपारी काय भरवलंस?" असं दारात उभी राहून विचारायची, त्या घरची पोरं लवकर वर यायची. वरच्या आळीतली एक तर मला लांबून येताना बघून आधीच ओरडायची, "बाई, अंडं दिलं हो!" तिला अंड्याचं महत्त्व माझ्याइतकंच ठाऊक होतं. बाई येणार, हेही ठाऊक होतं.

मॅडमनी अमेरिकेतल्या त्या मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं ना, डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम. गरोदरपणी साखर झालेल्या आणि नंतरही साखर थोडी वरच राहिलेल्या बायका त्यात होत्या. खाण्यात बदल, आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजनात सात टक्के घट, एवढ्यावर त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत निम्म्यानं कमी झालं. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनंही जवळजवळ तेवढंच. तू तेव्हा "बघ, नुसतं चालून होतं" म्हणालीस. पण मी दुसरं ऐकलं होतं. त्या बायकांना एकेक शिकलेला माणूस नेमून दिलेला होता, तो सोळा धडे घ्यायचा, बोलवायचा, अडलं तर वाट काढून द्यायचा. एकटीच्या निश्चयावर कुणी सोडलं नव्हतं त्यांना.

आणि तुला आता एकटीच्या निश्चयावर राहायचंय, ही माझी भीती आहे. "मला आता सगळं कळतं, मॅडमना कशाला पैसे द्यायचे" असं तू म्हणालीस, तेव्हापासून माझ्या पोटात खड्डा पडलाय. नलूमावशीलाही सगळं कळत होतं. आजींनाही. फ्रीजच्या दारातली इन्सुलिनची बाटली तुला आठवत असेल, पायाचं ड्रेसिंग करताना तुला बाहेर खेळायला पाठवायचे ते मात्र आठवणार नाही. बरं झालं आठवत नाही ते.

तू बारीक आहेस म्हणून अमोलराव निर्धास्त आहेत. त्यांना सांग, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, त्यांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं वजनाला हलकी, पण अंगातली चरबी त्या मानानं जास्त. दिसायला बारीक म्हणजे आतून ठीक, हे आपल्याकडे चालत नाही. म्हणून कमरेवर लक्ष ठेवायला सांगतात, बाईला ८० सेंटीमीटर. पण आत्ता लगेच मोजायला बसू नकोस, बाळंतपणाचं पोट उतरायला वेळ लागतो.

आणि डाएट तर मुळीच करू नकोस. ती तुझी मैत्रीण तीन महिन्यांत बारीक करणाऱ्या पावडरीचं सांगत होती, तिला हात जोड. तू अंगावर पाजतेस. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. पाजण्यानं तुझा पुढचा धोकाही कमी होतो. फक्त ते जास्तीचं खाणं गोडातून नको. डिंकाच्या लाडवांवरून आपलं वाजलं होतं. मॅडमनी व्हिडिओवर मला सांगितलं की गूळही साखरच, तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या सासूबाईंनी मला पातेलंभर खायला घातले होते. पण मग खोबरं, खारीक, अळीव, मेथी वाढवली, गूळ निम्म्यावर आणला, लिंबाएवढे वळले, दिवसाला एक. तुला दूध चांगलं आलं. काही अडलं नाही.

सिझरमुळे कंबर दुखते म्हणतेस, तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखव. ओवीला वाकून उचलतेस ते मी बघितलंय, गुडघे न मोडता. व्यायाम सुरू करायचा तो तिला विचारून. यूट्यूबवर बघून पोटाचे व्यायाम नकोत. झोप मिळेल तेव्हा झोप, भांडी पडू देत. रात्रीची एक पाळी अमोलरावांना करू दे. जेवणानंतरच्या फेऱ्या बिल्डिंगच्या खाली मार, ओवीला घेऊन मार, पण मार. रजा २६ आठवड्यांची आहे, ती संपली की लोकलची धक्काबुक्की, पाळणाघर, डबा, आणि मग स्वतःचं सगळं उद्यावर जाणार. मी नोकरी करून तुम्हा दोघांना वाढवलं, मला माहीत आहे कसं जातं ते. म्हणून आत्ता...

झाली की नाही माझी बैठक सुरू! बाबा आत्ताच म्हणाले, "पत्र लिहितेस की अहवाल?" रागावू नकोस. तू काल विचारलंस, "बाळाकडे बघू की स्वतःकडे?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या वयाची असताना मलाही कुणी दिलं नव्हतं. पण एवढं करता येईल. मी सोमवारी येते. तू रात्री जेवून झोप, सकाळी काही न खाता लॅबला जा. रक्त देण्याआधी ओवीला पाज, म्हणजे पुढचे दोन तास ती माझ्याकडे राहील. रडली तर लॅबच्या दाराशी घेऊन उभी राहीन. अमोलरावांना सुट्टी नको, विहीणबाईंना धावपळ नको.

आकडे चांगले आले तरी दर वर्षी एकदा साखर बघायची आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याआधी. तेही मॅडमना आत्ताच विचारून ठेव, त्यांच्या वहीत तुझी पुढची तारीख पडू दे. महिन्यातून एकदा त्यांच्याशी बोल. पैशाचं बाबा बघतील, त्यांनी स्वतःहून सांगितलंय, मी बोलले नव्हते. वाईट आले तर घाबरू नकोस. तुला हे आधी जमलेलं आहे.

मंगळवारी तपासणी करू की बुधवारी, तेवढं कळव, म्हणजे कोयनेचं तिकीट काढायला सांगते. ओवीच्या दोन्ही गालांचा पापा.

तुझी
आई

ता. क. मला रिपोर्टचा फोटो पाठवत जा. नुसतं 'नॉर्मल आहे' असं लिहू नकोस, आकडे दिसले पाहिजेत. आणि नाडीचा दोरा आणखी दोन दिवस ओवीच्या गळ्यात राहू दे असं विहीणबाई म्हणाल्या तर राहू दे, त्यावरून वाद घालू नकोस.