कोनशिलेवर देखभालीची ओळ हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे नाशिक शहरात सर्वत्र सुरू आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान असे वेळापत्रक जाहीर झालेले असल्यामुळे त्या मुदतीच्या आत घाट, पूल, चौक, कमानी आणि स्मारके यांच्या लोकार्पणांची रांग लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. या सोहळ्यांना माझा विरोध नाही. शहराने एखादी वस्तू उभी केली, तर चार माणसांनी एकत्र येऊन ती पाहावी, तिच्याविषयी दोन शब्द ऐकावेत, यात वावगे काहीच नाही. माझी सूचना आहे ती अशा वेळी दगडावर काय कोरले जाते आणि माइकवरून काय वाचून दाखवले जाते, याविषयी.

मी एका निमसरकारी कार्यालयात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. त्यांपैकी शेवटची काही वर्षे बांधकाम शाखेत गेली आणि तेथे भूमिपूजन, उद्घाटन किंवा लोकार्पण ठरले की कोनशिलेचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्या टेबलावर येई. काम दिसायला लहान, पण जिवाला घोर लावणारे. कोणाच्या नावाआधी ‘मा.’ आणि कोणाच्या नावाआधी ‘ना.’, ‘शुभहस्ते’ कोणाच्या आणि ‘प्रमुख उपस्थिती’त कोण, दोन समान पदांच्या व्यक्ती असल्या तर कोण वर आणि कोण खाली, यावरून मसुदा पाच-सहा टेबलांवर फिरून लाल शाईने रंगून परत येत असे. एकदा दगड कोरून तयार झाल्यावर प्रमुख पाहुण्यांचा दौरा रद्द झाला आणि तारीख तीन आठवडे पुढे गेली. नवा दगड करायला वेळ नव्हता, म्हणून जुन्या आकड्यांत पुट्टी भरून त्यावर नवे आकडे रंगवले. पहिल्या पावसात पुट्टी ओघळली आणि त्या वास्तूचे लोकार्पण दोन वेगवेगळ्या दिवशी झाल्याची नोंद कायमची राहिली. या सगळ्या वर्षांत नावांच्या क्रमाविषयी मला शेकडो वेळा विचारणा झाली. परंतु या वास्तूचा दिवा बंद पडला तर तो कोण बदलणार, हे त्या दगडावर असावे काय, असे एकदाही कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर तेव्हा मलाही ते सुचले नाही.

ते सुचले निवृत्तीनंतर, घराजवळच्या एका छोट्या उद्यानात. तेथे एका दिवंगत समाजसेवकांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. पुतळा आला फाल्गुनात, पण पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून तो निळ्या ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने बांधून ठेवला गेला. सारा पावसाळा तसाच गेला. पोळ्याच्या सुमारास वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा फाटला आणि त्यातून नुसता चष्मा दिसू लागला. वसाहतीतली मुले त्यांना ‘बांधलेले आजोबा’ म्हणू लागली. अखेर तारीख मिळाली, मांडव पडला, सनई वाजली, पडदा सरकला. कोनशिलेवर चौदा नावे आहेत. ज्यांचा पुतळा, त्यांचे नाव त्यात एकदाच येते आणि तेही ‘यांच्या पुतळ्याचे’ असे षष्ठीत. त्यांचा जन्म कधीचा, त्यांनी काय केले, शिल्पकार कोण, याला दगडावर जागा उरली नाही. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांत चार दिवे होते. वर्षभरात दोन बंद पडले आणि पुढच्या उन्हाळ्यात उरलेल्या दोहोंच्या तारा कोणीतरी काढून नेल्या. मी तीन वेळा तक्रार केली, तिन्ही वेळा वेगवेगळ्या खिडकीवर पाठवण्यात आले. बांधले कोणी ते सर्वांना ठाऊक होते, पण सांभाळायचे कोणी ते कोणालाच ठाऊक नव्हते.

याच शहरात सुमारे १९०० वर्षांपूर्वी हे काम अधिक नेटके झाले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पांडवलेणीतील दहा क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. आपण लहानपणापासून सहलीला तेथे जातो, पायऱ्या चढून दमतो, खालच्या शहराकडे पाहतो आणि भिंतीवरची अक्षरे न वाचता उतरतो. त्यांतील एक लेख म्हणजे शब्दशः लोकार्पणाची कोनशिलाच आहे. वर्ष ४२, वैशाख महिना, देणारा अमुक, हे लेणे भिक्षुसंघाला दिले, येथपर्यंत तो आपल्या कोनशिलांसारखाच आहे. वेगळा होतो तो त्यापुढे. लेण्याबरोबर ३००० कार्षापणांची (कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे) अक्षय ठेव दिली, ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली, एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, आणि २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. दरमहा वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. एक कवडीही इकडेतिकडे नाही. शिवाय हे सारे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे ‘फलकवारे’ नोंदवले, असेही त्यात लिहिले आहे. चौकाचौकांत आज आपण ज्याला फलक म्हणतो, तोच हा शब्द.

उषवदाताला प्रसिद्धीचे वावडे होते, असे मात्र कोणी समजू नये. तीन लाख गायी दान दिल्या, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातले, हे त्याने त्याच व्हरांड्यात लांबलचक ओळीत कोरून ठेवले आहे. आजच्या फ्लेक्सवर तेवढा मजकूर मावला नसता. परंतु त्याच लेखाच्या शेवटी, भिक्षूंच्या अन्नासाठी ४००० कार्षापण मोजून एक शेत विकत घेऊन दिल्याचे आणि ते कोणाकडून घेतले त्याचे नावही तो सांगतो. मिरवायचे ते त्याने मिरवले. तरतूद मात्र लपवली नाही, की पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलली नाही.

आता आजच्या व्यवहाराकडे येतो. सार्वजनिक बांधकामाच्या निविदेत दोषदायित्वाचा कालावधी ठरलेला असतो. त्या काळात कामात दोष निघाला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही अट फाइलमध्ये असते आणि नागरिकाला तिचा पत्ता नसतो. फरशी उखडली, कारंज्याचा पंप जळला की ‘निधी नाही’ असे उत्तर मिळते, आणि कालावधी संपायला कदाचित सात महिने बाकी असतात. तो संपण्याची तारीख कोनशिलेवर असली, तर उद्यानात फिरायला येणारा कोणीही ती बोट ठेवून दाखवू शकेल. त्यानंतर देखभाल कोणत्या विभागाकडे आणि अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, ही आणखी एक ओळ. शिल्पकाराचे किंवा वास्तुरचनाकाराचे नाव आणि ज्यांचे स्मारक त्यांचा दोन ओळींचा परिचय, एवढी भर घातली तरी चौदातली सहा-सात नावे सुखाने राहतील. उरलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्यासपीठावर करता येतोच. हाच मजकूर सोहळ्यात सूत्रसंचालकाने वाचून दाखवावा. निगमसभेत वाचला जात असे, तसाच. पाच मिनिटे लागतील. स्वागताच्या हारतुऱ्यांना त्याहून अधिक लागतात.

तारखेचाही प्रश्न आहे, आणि तो मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून अधिक गंभीर मानतो. काम पूर्ण झाल्यावर तारीख ठरायला हवी, पण बहुधा तारखेसाठी काम पूर्ण झाल्याचे दाखवले जाते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचा पाया ३१ मार्च १९११ रोजी घातला गेला. त्याच वर्षी २ डिसेंबरला पंचम जॉर्ज तेथे उतरला तेव्हा त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृतीच दिसली. प्रत्यक्ष वास्तू पूर्ण होऊन खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. साम्राज्याचा डामडौल मला प्रिय नाही, परंतु राजा येतो म्हणून अर्धवट दगड रचून फीत कापली नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल. पुण्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या स्मारकाची पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि अनावरण १९२८ मध्ये. सात वर्षे लागली, आणि पुतळा आजही उभा आहे. उलट मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यामागची तांत्रिक कारणे सांगणे हा माझा अधिकार नाही. परंतु त्या दिवशी अवघ्या महाराष्ट्राची मान खाली गेली, याला मीही एक साक्षीदार आहे.

येथे कोणी म्हणेल की खऱ्या खुणांना कोनशिला लागतच नाही. तेही खरे आहे. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसाठी कोणी कळ दाबली, हे विचारायला कोणी जात नाही. पण पूर आला की पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असेच सारे नाशिक बोलते. नारोशंकराच्या १७४७ च्या देवळावरच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ती पोर्तुगिजांची, वसईच्या विजयानंतर इकडे आलेली, एवढी हकीकत शहराने तोंडी जपली आहे. पण ही पुण्याई शतकांच्या वापरातून आली. गेल्या वर्षी उभ्या राहिलेल्या चौकाला ती लाभेपर्यंत त्याच्या दिव्याची काळजी कोणाला तरी घ्यावीच लागेल.

म्हणून सिंहस्थानिमित्त होणाऱ्या प्रत्येक लोकार्पणाआधी संबंधितांनी कोनशिलेच्या मसुद्यात देखभाल करणारा विभाग, त्यासाठीची वार्षिक तरतूद आणि दोषदायित्व संपण्याची तारीख यांचा समावेश सक्तीचा करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. मसुदा तपासायला माणूस हवा असल्यास मी विनामोबदला येईन. नावांच्या क्रमाचे नियम मला अजून पाठ आहेत. आणि एक विनंती आपल्या दैनिकालाही. लोकार्पणाच्या बातमीत पाहुण्यांची नावे संपल्यावर ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ असे जे वाक्य नेहमी येते, त्याच्या जागी ही देखभालीची ओळ सहज मावेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लिपिक,
पंचवटी, नाशिक